खाली न आलेली खुर्ची

टाचा उंचावून उंचावून सलूनवाल्याच्या पोटऱ्या भरून आल्या, तरी शिंप्याच्या डोक्यावरचा भोवरा काही त्याच्या कात्रीखाली येईना.

"काय रे बुटक्या, आज नाचतोयस की काय?" शिंप्याने आरशातून विचारलं.

"तू गप बस. मान हलवू नकोस."

"मान माझी आहे."

"कात्री माझी आहे."

शिंपी हसला आणि गप बसला. दोघांची ही बोलाचाली शाळेत एका बाकावर बसत तेव्हापासूनची. बाकावर जाड्या बसला की दुसऱ्या टोकाचा बुटक्या वर उडतो, असं मास्तर म्हणायचे. पुढे दोघांनी समोरासमोर दुकानं टाकली, मधे फक्त एक रस्ता. एकाने गावाची डोकी सांभाळली, दुसऱ्याने गळ्याखालचं सगळं.

पण आज खुर्ची खाली आली नव्हती, आणि ही गोष्ट साधी नव्हती.

सलूनमधली ती खुर्ची सलूनवाल्याने जुनीच विकत घेतली होती. पायाने दांडा मारत गेलं की ती गिऱ्हाइकासकट वर चढायची. दांडा तळापर्यंत दाबून धरला की हिसक्याने खाली उतरायची, म्हणून कात्री चालू असताना सलूनवाला तो दाबत नसे. पण काही वर्षांपूर्वी तिला एक खोड लागली. वर नेऊन ठेवली, तरी बसलेल्या माणसाला घेऊन ती आपली आपण हळूहळू खाली यायची. इतकी हळू, की गिऱ्हाइकाला पत्ताही लागू नये. दुसऱ्या कोणी दुरुस्त करून घेतली असती. सलूनवाल्याने कामाचा क्रमच बदलला. खुर्ची उंच असताना मान आणि दाढी. मग कानांच्या बाजू. तोवर खुर्ची निम्म्यावर आलेली असे, आणि सगळ्यात शेवटी, ती तळाला टेकली की डोक्यावरचे केस. त्याच्यासारख्या ठेंगण्या माणसाला ही खोड फार मानवली. ज्या गोष्टीची लोक तक्रार करतात तिच्याशी आपण संसार थाटला, असं तो अभिमानाने सांगायचा.

जड माणूस बसला की खुर्ची लवकर यायची, हलका बसला की रेंगाळायची, आणि लहान मुलांना घेऊन तर ढिम्म हलायची नाही. अशा हलक्या गिऱ्हाइकांसाठी आरशाखालच्या फळीखाली एक लाकडी खोकं ठेवलेलं होतं. त्यावर चढून उभं राहिलं की लोक हसतात, म्हणून सलूनवाल्याला ते खोकं डोळ्यांसमोर नको असे. शिंप्यासाठी ते कधी काढावंच लागलं नव्हतं. जाड्या बसला की दाढी संपायच्या आत खुर्ची तळाला.

आरशाच्या कडेला एके ठिकाणी पारा उडाला होता. खुर्चीच्या पाठीची कड त्या डागापाशी आली की समजायचं, पोचली. आज केस संपत आले तरी कड डागाच्या चांगली वर होती.

"गालावर जरा दाट ठेवलीयस ना?" शिंप्याने उठता उठता दाढीवरून हात फिरवला. "मागच्या वेळेसारखी?"

"ठेवलीय. म्हातारपणी बरे शौक सुचतायत तुला."

मागे सलूनवाल्याचं घर होतं. पडद्याआडून त्याच्या बायकोने आवाज दिला, "भाऊजी, जेवायची वेळ झालीय, जेवूनच जा."

"नको वहिनी, आत्ताच खाऊन आलोय," म्हणत शिंपी रस्ता ओलांडून गेलासुद्धा.

सलूनवाल्याच्या डोक्यात एकदा किडा वळवळायला लागला की जेवणसुद्धा गोड लागत नसे. नळाची धार खाली येता येता बारीक का होते, ओला केस ताणल्यावर लांब का होतो, असले प्रश्न त्याला उगीचच पडत. आता तर घरच्याच खुर्चीने कोडं घातलं होतं. गुडघे टेकून त्याने खुर्चीखाली डोकं घातलं. फरशीवरचा तेलाचा जुना डाग जिथल्या तिथे होता, कोणी काही उघडल्याची खूण नव्हती.

"खुर्ची आपोआप बरी होते का गं?" त्याने बायकोला विचारलं.

"माणसं होत नाहीत, खुर्ची कुठली होतेय," ती म्हणाली. "उठा, फरशी गार आहे."

गार म्हटल्यावर त्याला एक धागा सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवाला दाढीला आला तेव्हा त्याने विषय काढला. गॅरेजवाला म्हणजे खुर्चीच्या दोन्ही हातांमध्ये जेमतेम मावणारा माणूस. गाड्या उचलायच्या जॅकमध्ये त्याचा जन्म गेलेला.

"सोपं आहे," फेसाखालून गॅरेजवाला म्हणाला. "आत एक नळी, नळीत तेल, तेलावर दट्ट्या. त्या दट्ट्यावर तू मला बसवलंयस. तेल काही दबत नाही, म्हणून मी वर राहतो. दट्ट्याला रबराची रिंग असते, ती नळीला चिकटून बसते आणि तेलाला बाजूने निसटू देत नाही. रबराचं काम काय? दाबलं की दबायचं आणि सोडलं की परत फुगायचं. तुझं रबर म्हातारं झालंय. दबतं, पण परत येत नाही. मग जी फट राहते तिच्यातून तेल थोडं थोडं मागे सरकतं, आणि खुर्ची येते खाली."

"आणि समजा, यायची बंद झाली तर?"

"थंडी पडलीय. गारठ्यात तेल घट्ट होतं, बारीक फटीतून निघायला कुरकुर करतं. हळू येईल."

सलूनवाल्याचं समाधान झालं. इतकं सरळ कारण असताना आपण काल रात्रभर कूस बदलत राहिलो याचं त्याला हसूही आलं. त्याने दाढीचा दुसरा हात द्यायला ब्रश उचलला आणि सवयीने आरशाकडे पाहिलं. खुर्चीची कड डागाला येऊन टेकली होती. रोजच्यासारखी.

त्याचा ब्रश हवेतच राहिला. कालच्यापेक्षा आज थंडी जास्त होती. तेल तेच, रिंग तीच.

"मग ती कोणासाठी येते, कोणासाठी नाही, असं कसं?" त्याने विचारलं. "माणूस बघून वागते का?"

"तिला काय कळतंय माणसातलं?" गॅरेजवाला म्हणाला. "तिला फक्त वजन कळतं. जोर जास्त असला की तेल पळतं. जोर कमी पडला तर म्हाताऱ्या रबरालासुद्धा ते अडवता येतं. आता मारतोस वस्तरा, की फेस वाळू देतोस?"

सलूनवाल्याने वस्तरा मारला. पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुपारी ताटावर बसल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच ते खोडून काढलं.

"म्हणजे जाड्याचं वजन उतरलं असं म्हणायचं. पण ते कसं शक्य आहे? माणूस वाळला की आधी कपडे लोंबायला लागतात. त्याचा शर्ट बघ, पँट बघ. अंगावर कसे चपखल बसतात."

बायकोने भांड्यावर झाकण ठेवलं.

"अहो, ते शिंपी आहेत," ती म्हणाली.

 सलूनवाला हातातला घास ताटात ठेवून बसला. संध्याकाळी दुकान मिटल्यावरही शिंप्याच्या खिडकीत मशीन चालत असतं, ते त्याला आठवलं. काम फार आलंय, असं शिंपी सांगायचा. जेवायला नको, चहा नको, आत्ताच खाल्लंय. आणि गालावर दाट ठेव. ते बसलेले गाल दर वेळी दाढीखाली नीट झाकून देणारा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. रोज जवळून बघायचा चेहरा, आणि तोच आपल्याला दिसला नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"विचारा त्यांना," बायको म्हणाली.

"काय विचारू? मरतोयस का, असं विचारू?"

"ते तुम्हीच बघा कसं विचारायचं ते. पण विचारा."

शिंपी पुन्हा आला तेव्हा सलूनमध्ये दुसरं कोणी नव्हतं. सलूनवाल्याने त्याला खुर्चीत बसवलं, दांडा मारून वर नेलं आणि मानेपासून काम सुरू केलं. दोघे इकडचं तिकडचं बोलत राहिले. मान झाली, दाढी झाली, कानाच्या बाजू झाल्या. खुर्चीची कड होती तिथेच होती. सलूनवाला कंगवा हातात धरून नुसताच उभा राहिला.

"अरे वा," शिंपी म्हणाला. त्याचंही लक्ष आरशाकडे गेलं होतं. "खुर्ची दुरुस्त करून घेतलीस वाटतं."

हो म्हटलं असतं तर तो विषय तिथेच संपला असता. सलूनवाल्याच्या जिभेच्या टोकावर ते हो येऊनही गेलं.

"नाही," तो म्हणाला. "खुर्ची आहे तशीच आहे."

शिंप्याने आरशातल्या डागाकडे पाहिलं, मग खुर्चीच्या कडेकडे.  बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"किती दिवस झाले?" सलूनवाल्याने विचारलं.

"झाले बरेच." शिंपी गळ्याभोवतीच्या कापडाच्या दुमडीवर आतून बोट फिरवत राहिला. "खाल्लेलं अंगाला लागत नाही. दोन घास खाल्ले की पोट भरतं."

"डॉक्टर?"

"नाही गेलो."

"का?"

"तिचं असंच झालं होतं." तिचं म्हणजे त्याच्या बायकोचं. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. "आधी कपडे सैल झाले. मीच आत घेत होतो. ती म्हणायची, बघा, मी बारीक झाले. मग दवाखान्यात गेलो, त्यांनी नाव सांगितलं, आणि नाव कळल्यावर ती खचलीच. तोवर चालतबोलत होती रे. मला ते नाव ऐकायचं नाहीये."

सलूनवाला रागावला. भीती वाटली की तो रागवायचाच.

"मग तू ऐकू नकोस," तो म्हणाला. "मी आत जाऊन ऐकतो. तू बाहेर बाकावर बस. पण उद्या सकाळी येतोयस माझ्याबरोबर."

"आणि दुकान?"

"दोन्ही बंद. गाव एक दिवस वाढलेल्या केसांनी आणि उसवलेल्या बाह्यांनी फिरेल."

शिंपी हसला, पण हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि हात कापडाखाली असल्यामुळे त्याला ते पुसता येईनात. सलूनवाल्याने टॉवेल घेतला आणि दाढी पुसल्यासारखं करून डोळेही पुसले.

"मी कापलेलं नाहीये," जाताना दारात थांबून शिंपी म्हणाला. "शर्ट आत घेतले, पण जादाचं कापड सगळं आत तसंच ठेवलंय. तिचं मी कापून टाकत होतो."

नाव शेवटी सलूनवाल्याने ऐकलं. डॉक्टरांनी ना भीती घातली, ना वचन दिलं. ऑपरेशन झालं, पोटातलं नको ते काढलं, आणि आता कसं काय अंगी लागतंय ते बघायचं, असं म्हणाले. शिंप्याच्या दुकानावर कुलूप राहिलं. सलूनवाल्याची बायको रोज डब्यात गरम सूप घेऊन दवाखान्यात जात होती. मधे एकदा गॅरेजवाला स्वतःहून रबराची नवी रिंग घेऊन आला.

"राहू दे," सलूनवाला म्हणाला. "आता ती नुसती खुर्ची नाही, वजनाचा काटा आहे."

एक दिवस शिंपी काठी टेकत रस्ता ओलांडून आला. रस्ता तेवढाच होता, पण त्याला मधे थांबावं लागलं. सलूनवाला दारात उभा राहून बघत होता. धावत जाऊन हात धरावासा वाटत होता, पण जाड्याला ते आवडलं नसतं. शिंप्याच्या अंगावर पूर्वी चपखल बसणारा तपकिरी शर्ट होता. खांदे दंडांवर उतरले होते आणि पोटावर कापड नुसतं लटकत होतं.

"हे काय, आत नाही घेतलास?"

"घेतलेलंसुद्धा उसवलं," शिंपी खुर्चीत बसत म्हणाला. "सगळं मोकळं केलंय. भरेल तेव्हा भरेल. तोवर बघू दे लोकांना."

सलूनवाल्याने त्याला वर नेलं. वर न्यायला दांड्यावर फारसा जोर लावावाच लागला नाही. वाढलेली दाढी त्याने उतरवली, गालावर काही दाट ठेवलं नाही, शिंपीही काही म्हणाला नाही. उघडा पडलेला चेहरा दोघांनी आरशात पाहिला. मानेमागचे केस झाले, कानाच्या बाजू झाल्या. शिंप्याची नजर पारा उडालेल्या डागाकडे होती. सलूनवाल्याची त्याच्या नजरेकडे.

खुर्ची हळूहळू खाली यायला लागली.

शिंप्याचा चेहरा उजळला. कड डागाच्या दिशेने सरकत होती, रोजच्यासारखी, सावकाश. मग शिंप्याच्या कपाळावर एक आठी पडली.

"बुटक्या," तो म्हणाला.

"काय?"

"पाय काढ."

 सलूनवाल्याने दांड्यावर अलगद दाबून धरलेला पाय काढला. खुर्ची थांबली. दोघेही आरशात बघत थांबून राहिले, पण कड तिथून हलली नाही.

"येईल," शिंपी म्हणाला. "तिच्या तिच्याने येऊ दे."

सलूनवाल्याने त्याच पायाने फळीखालचं लाकडी खोकं बाहेर ओढलं, खुर्चीमागे सरकवलं आणि त्यावर चढला. कात्री उचलली.

"मान खाली घे, जाड्या."

शिंप्याने मान खाली घेतली.