गोदाच्या डोक्यावरची चुंबळ

मित्रांनो, गोदाच्या फाटक्या लुगड्याला पीळ देऊन मला गोल वळलं. डोकं आणि ओझं यांच्या मधली जागा माझी. मी एक जुनी चुंबळ आहे आणि गोड बोलायला बसलेली नाही.

कोकणातल्या पावस गावच्या बागांत गोदाने माझ्यावर आंब्याच्या पेट्या वाहिल्या, गवताचे भारे वाहिले. भरलं ओझं एकट्याने डोक्यावर चढत नाही, उतरतही नाही. "हात लाव गो" म्हटलं की वाटेवरचं कुणीही थांबायचं. शेजारच्या शेवंतीशी गडग्यावरून, दोन अंगणांमधल्या दगडी कुंपणावरून, भांडण झालेलं, बोलणं बंद. तरी तीही यायची, तोंड वाकडं करून हात लावायची.

गोदाचा मुलगा संदेश मुंबईला गेला आणि एक इंग्रजी शब्द घेऊन आला: लोड. ऑफिसात लोड. मोबाईलवर चित्र दिसेना, तर म्हणे लोड होतंय. गोदा म्हणाली, मान दुखते, तर म्हणाला, "आये, लोड घेऊ नकोस." त्याच्या तोंडी त्या शब्दाला वजनच नव्हतं.

यंदा त्याने गावात घर बांधायला काढलं. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक खाली रस्त्यावरच थांबला. घराकडे जाणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या चढायला मजूर पुरेनात. गोदाचा उजवा हात आधीपासूनच बधिर व्हायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता डोक्यावर ओझं घेतलंत तर हात कायमचा जाईल.

"थोडेच चिरे उरलेत, आये, तेवढे आण," संदेश म्हणाला.

ट्रकवाल्याने चिरा डोक्यावर चढवून दिला. ती तो घेऊन वर आली, तर हा मोबाईल धरून उभा.

"तशीच थांब. जरा हस ना."

"अरे, उतरव आधी. हाताला कायपण कळत नाय."

"एकच मिनिट. लोड नको घेऊस."

शेवंती अंगणातून धावली. पोचेपर्यंत गोदाचा हात सुटला. चिरा पडून फुटला. शेवंतीने गोदाला धरून पायरीवर बसवलं.

संदेशने आधी चिऱ्याकडे पाहिलं. "फुटला ना," म्हणाला.

आता घर उभं आहे आणि मी त्याच्या हॉलमध्ये खिळ्याला टांगलेली. पाहुण्यांना तो सांगतो, "आमच्या आयेने किती लोड घेतला, बघा." पाहुणे माझे फोटो काढतात. गोदाचा हात मात्र स्वतःच्या केसांपर्यंतही पोचत नाही. शेवंती अजून बोलत नाही, पण रोज सकाळी येते, गोदाचा अंबाडा घालते आणि निघून जाते.

मित्रांनो, मला जपू नका. जाळलीत तरी चालेल. ओझं घेऊन कुणी समोर उभं राहिलं तर तेवढा हात लावा. बोलायचं ते मग बोला.