करंट गळणारी गाडी

तिने किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. घरघर नाही, टकटक नाही, समोरचा एक दिवासुद्धा लागला नाही. तिने किल्ली काढली, ओढणीच्या टोकाला पुसली आणि पुन्हा घातली. किल्ली पुसून गाडी सुरू होत नसते हे तिला माहीत होतं, पण माहीत असलेले सगळे उपाय एव्हाना करून झाले होते.

“बंद?” चहाचा कप हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांनी विचारलं.

“बंद.”

“काल तर चालत होती.”

“तेच तर, बाबा. काल चालत होती, परवा नव्हती, त्याआधी आठवडाभर छान चालत होती. धड बंद तरी पडावं ना माणसाने!”

म्हातारा हसला. तीही हसली, पण पर्स उचलून बस थांब्याकडे पळता पळता. गाडी मिळाली तर दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ती पहाटेच्या पाळीला वेळेवर पोचे. बसने गेली की उशीर ठरलेला. रात्रभरात वॉर्डांतून आलेल्या रक्ताच्या नळ्या रांगेत उभ्या असत, यंत्र जुळवून घेतल्याशिवाय एकही तपासता येत नसे, आणि यंत्र जुळवायचं काम तिचं होतं.

“तुमच्या गाडीचा एकदा आपल्याकडेच रिपोर्ट काढा,” प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, मला तुमची अडचण कळते. पण वॉर्डातले डॉक्टर माझ्या डोक्यावर बसतात. पुन्हा असं झालं तर पहाटेची पाळी मला दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. तुम्ही दुपारची घ्या.”

दुपारची पाळी म्हणजे परतायला रात्र. नवरा जहाजावर, इंजिनरूममध्ये, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात फक्त बाबा. गेल्या काही महिन्यांत दोनदा गॅस चालू राहिला होता, एकदा नळ. वय झालं की होतंच, असं ती स्वतःला सांगत असे. तरी दुपारी घरी परतलं की आधी स्वयंपाकघरात डोकावायची तिला सवय लागली होती.

बाराच्या सुमाराला मेकॅनिकचा फोन आला.

“ताई, चेष्टा करताय का गरिबाची? पहिल्या किल्लीला सुरू झाली!”

“सकाळी दिवासुद्धा लागत नव्हता हो.”

“मी खोटं बोलतोय का? तुमच्या सासऱ्यांनी किल्ली दिली, मी फिरवली, पळायला लागली. आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर, मग अल्टरनेटर. आता बदलायचा राहिलोय तो मीच.” त्याने बॉनेट आपटून बंद केल्याचं फोनवर ऐकू आलं. “तुमचं ते घड्याळ दर वेळी बारावर जातंय, म्हणजे कुठेतरी सप्लाय तुटतोय एवढं नक्की. आता सगळं वायरिंग उघडावं लागेल. पण खरं सांगू? त्या खर्चात जुनी दुसरी येईल.”

माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर बरं झालं असतं, मेकॅनिक बदलता आला असता. आतापर्यंतच्या दुरुस्त्यांत तिची सगळी शिल्लक गेली होती, आणि गाडीला नेमकं काय झालंय हे तिला पहिल्या दिवशी जितकं कळत होतं तितकंच आजही कळत होतं. एकदा तिने स्वतः बॉनेट उघडून पाहिलं होतं. सगळ्या तारा जिथल्या तिथे दिसत होत्या. ज्यातलं कळत नाही त्याला हात लावायचा नाही ही तिची प्रयोगशाळेतली शिस्त, म्हणून तिने ते तसंच बंद केलं होतं.

रात्री नवऱ्याशी बोलताना तिने हे सगळं अनेकदा सांगितलं होतं. “विकून टाक तो डबा,” तो परवाच म्हणाला होता. “एवढं मोठं जहाज चालवतो मी, आणि घरातली टिचभर गाडी मला इथून कळेना. लोकांना सांगू नकोस हं.”

म्हणून आज संध्याकाळी जुन्या गाड्यांचा दलाल यायचा होता.

दुपारी घरी आल्यावर ती गाडी रिकामी करायला अंगणात गेली. छत्री, टिश्यूचा डबा, बाबांची रविवारी फिरायला जातानाची टोपी. शेवटचं म्हणून तिने किल्ली फिरवली. गाडी गुणी मुलीसारखी सुरू झाली. समोरच्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिच्या मनगटावर अडीच.

सवयीने ती घड्याळ लावायला गेली आणि बटणावरचं बोट तिथेच थांबलं.

वीज तुटली की हे घड्याळ बारावर जायचं. परत आली की बारापासून मोजायला लागायचं. इतके दिवस ती, मेकॅनिक, नवरा, सगळे या घड्याळाकडे रोगाचं लक्षण म्हणून बघत होते. पण ते स्टॉपवॉच होतं. वीज परत येऊन सहा तास दहा मिनिटं झाली, म्हणजे ती सकाळी आठनंतर आली. तेव्हा ती यंत्रापाशी होती, मेकॅनिक यायला बराच वेळ होता, फाटकाला आतून कडी होती. गाडी अंगणात एकटी उभी होती.

आणि गाडी आपली आपण बरी होत नाही.

तिने कुणाला काही विचारलं नाही. प्रयोग चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. ती वर गेली, चहा टाकला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. पहिला चहा उकळून आटला, तिने दुसरा टाकला. ऊन कलल्यावर बाबा बाहेर आले. खिशातून त्यांनी गाडीची दुसरी किल्ली काढली, मग एक छोटा पाना. बॉनेट उघडलं, टेकू लावला. बॅटरीची काळी तार सैल केली, वर उचलली, मध्ये कापडाची घडी ठेवली आणि तार अशी परत टेकवली की वरून बघणाऱ्याला जोडलेलीच वाटावी. बॉनेट आपटलं नाही, तळव्याने दाबून बसवलं. सकाळी ज्या हातांना शर्टाची बटणं जमत नव्हती, ते हे हातच नव्हेत असं तिला वाटलं.

ती खाली आली.

“बाबा, काय केलंत?”

“तार सोडली. रोजचंच.” त्यांनी पाना रुमालात गुंडाळला. “हिला करंट गळतो ना. रात्रभर जोडलेली राहिली की सकाळी मुडदा. औषधांच्या पेट्या भरलेल्या आणि व्हॅन जागची हलत नाही, मग शिव्या कुणाला? ड्रायव्हरला! मालकांना सांगून दमलो, वायरिंग बदला म्हणून.”

“आणि सकाळी?”

“सकाळी जोडायची. कधी जरा उशिरा आठवतं, पण जोडतो.”

“बाबा, ही व्हॅन नाहीये.”

त्यांनी गाडीकडे पाहिलं. औषध कंपनीची ती उंच पांढरी व्हॅन त्यांनी केस पिकेपर्यंत चालवली होती. समोर एक बुटकी निळी गाडी उभी होती. त्यांच्या चेहऱ्यावर शंका आली, गेली, परत आली.

“तुम्ही… ऑफिसातून आलात का?” त्यांनी अदबीने विचारलं.

पंधरा वर्षांत त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

“अगं, अशी उभी काय?” दुसऱ्याच क्षणी ते म्हणाले. “चहा उतू गेला वाटतं. वास येतोय.”

चहा खरंच उतू गेला होता. ती शेगडी पुसत राहिली. गाडीत काहीही दोष नव्हता. पाळी राहणार होती, खर्च थांबणार होता. तिला हायसं वाटायला हवं होतं. प्रयोगशाळेत क्वचित एखाद्या नळीवर चुकीची चिठ्ठी लागते. तपासणी अचूक असते, आजारही खरा असतो, फक्त तो भलत्याच माणसाच्या नावावर चढतो. सगळं वायरिंग खराब निघालं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

दलाल आला तोच घाईत. चाकाला लाथ मारली, दारं उघडून आपटली, आत बसून किल्ली फिरवली.

“ही तर मेलेली आहे हो!”

“करंट गळतो हिला,” बाबा मागून म्हणाले.

“हे कोण? मेकॅनिक का?” दलाल तिच्याकडे बघून डोळे मिचकावत हसला. “आजोबा, करंट काय पाणी आहे का गळायला?”

पान्याचे दोन फेरे, आणि गाडी सुरू झाली असती. दलालाचं तोंड बंद झालं असतं. बाबांचंही.

“ड्रायव्हर आहेत,” ती म्हणाली. “उभा जन्म गाडीवर काढलाय त्यांनी. ते म्हणतायत ते बरोबर आहे.”

बाबांनी मान ताठ केली.

“मग भंगाराच्या भावाने जाईल. बघा बुवा.”

“विकायची नाहीये.”

“अहो, मग बोलावलंत कशाला?”

“चूक झाली. चहा घेणार?”

दलाल चहा न घेताच पुटपुटत गेला. तिने नवऱ्याला निरोप लिहिला, ‘गाडी विकली नाही. गाडीला काही झालेलं नाही.’ त्यापुढचं वाक्य तिने दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. शेवटी तिने लिहिलं, ‘तू लवकर ये.’

जेवताना ती म्हणाली, “बाबा, सकाळी मला लवकर निघावं लागतं. तार जोडायला शिकवाल का? तुमची झोप नको मोडायला.”

त्यांनी घास खाली ठेवला. “सोडताना काळी आधी. जोडताना काळी शेवटी. विसरायचं नाही.”

“नाही विसरणार.”

“आणि फार पिळायचं नाही. बसली की हाताला कळतं.” त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि ताटाशेजारी तिच्या बाजूला सरकवली. “संध्याकाळी परत द्यायचा. सोडायचं काम माझं.”

पहाटे तिने तार बसवली, पिळली. हाताला खरंच कळलं. बॉनेट तिने तळव्याने दाबलं.

बाबा दारात उभे होते. एक बटण चुकीच्या काजात गेल्यामुळे शर्ट एका बाजूने वर चढला होता. “लागली?” त्यांनी विचारलं.

“लागली.”

गाडी सुरू झाली. घड्याळ बारावर लुकलुकत होतं. तिने ते लावलं नाही. फाटकापाशी आरशात तिला दिसलं, बाबा अंगणात उतरले होते आणि हात हलवत, मोठी व्हॅन बाहेर काढताना सांगतात तसं सांगत होते, “येऊ दे… येऊ दे… आणखी येऊ दे…” रस्ता रिकामा होता आणि गाडी सहज बाहेर पडली असती, तरी तिने त्यांच्या हाताकडे बघत, ते सांगतील तेवढीच, हळूहळू मागे घेतली.