हँडल डावीकडे वळवल्यावर

तेजूच्या हातून वाटी फरशीवर पडली आणि खणखणत गोल फिरत राहिली. गल्ली जेवून निजलेली. वाटी स्थिर व्हायच्या आत दारात छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला.

वडवणीतलं आमचं घर म्हणजे पुढं दुकान, मागं चूल. अंगद, माझा नवरा, मोटारसायकलींच्या लाईट-हॉर्नची कामं करतो. वायरीचं दुसरं टोक धरायला एक माणूस लागतो, तो माणूस मी. तेजू पोटात होती तेव्हापासून.

टेम्पोत मोटारसायकल आडवी टाकलेली होती. चाक वाकडं, दिवा फुटलेला. सत्यमची गाडी. गेल्या आठवड्यात अंगदनंच तिचा दिवा दुरुस्त करून दिला होता. सत्यमचे वडील भगवानराव उतरले, मागून पुतण्या रामेश्वर आणि दोन गडी.

“काय बे अंगद्या,” रामेश्वर म्हणाला, “लाईट केलती ना तू?”

“केलती. सत्यमला चालू करून दावली, त्यानं...”

रामेश्वरनं बाकावरचा पाना उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दाताचा तुकडा माझ्या पायाशी आला. अंगद वाकला, तसा एका गड्यानं पाठीत लाथ घातली. मग धरूनच मारलं. टायर आपटल्यासारखा आवाज येत होता. मी मधी पडले तर मला कोपरानं ढकलून दिलं. तेजूनं माझा पदर मुठीत गच्च धरला होता. रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“काल रात्री लिंबागणेशच्या वळणावर लाईट गेली,” भगवानराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “पोरगं आंधळ्यासारखं पुलाच्या कठड्यात गेलं. मांडी मोडली, एक डोळा गेला. तुझ्या हातानं डोळा परत येत न्हाई, अंगद. पण मला दुसरं काय भेटणार?”

गड्यांनी अंगदचा उजवा हात बाकावरच्या लोखंडी शिकंज्यात घातला. पत्रा पकडायचा शिकंजा. रामेश्वरनं दांडी फिरवली. करंगळी मोडल्याचं मला ऐकू आलं. अंगदच्या घशातून जे निघालं ते मी कधी ऐकलं नव्हतं, बाळंतपणात माझ्या तोंडूनसुद्धा नाही. या हातानंच तो तेजूच्या वेण्या घालतो. माझ्यापेक्षा सरळ भांग पाडतो.

“काका,” मी म्हणाले, “सत्यमभाऊ कुठल्या अंगाला वळत होता?”

“काय?”

“डावीकडं का उजवीकडं?”

भगवानरावांनी माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं. “डावीकडं.”

“मग गाडी उतरवा. तोवर हात सोडू नका, पण आवळूबी नका.”

“आता बाई शिकवायली,” रामेश्वर हसला.

“उतरव,” भगवानराव म्हणाले.

तेजूला कडेवर घेतलं. बॅटरी आणि बल्बचा टेस्टर काढला. दिव्याच्या वायरीचं एक टोक फुटक्या दिव्यापाशी, दुसरं टाकीखाली. दोन्हीला टेस्टर लावला. वायर धड असली की बल्ब लागतो, एवढं साधं. हँडल सरळ, बल्ब लागला. उजवीकडं वळवलं, लागलेलाच. डावीकडं वळवलं आणि गेला. कडेवर तेजू, म्हणून दुसऱ्यांदा गड्याला फिरवायला लावलं. पुन्हा तसंच.

हँडलच्या मानेपाशी, जिथून सगळ्या वायरी जातात, तिथं टेप सोलली. खाली सेंट्रिंगची, स्लॅबच्या सळया बांधायची लोखंडी तार पिळून आवळलेली होती. तिच्याखाली वायर चिरून आतलं तांबं तुटलं होतं. हँडल सरळ असलं की टोकं टेकायची, डावीकडं ओढलं की सुटायची. तारेत बांबूची एक ढलपी अडकली होती.

“ही तार अंगदची न्हाई,” मी म्हणाले. “झेंड्याची हाय.”

भगवानरावांचं पॅनल निवडून आलं त्याची रॅली परवा निघाली होती. आमच्याकडं रॅलीत गाडीच्या मानेला झेंडा बांधतात. सुतळी वाऱ्यानं सैल पडते म्हणून सेंट्रिंगची तार. रॅली झाली की काठी ओढून काढतात. तार कोण सोडवत बसतंय? वरून टेप मारली की झालं.

“कोण बांधला झेंडा?” भगवानरावांनी विचारलं.

एक गडी पायाखालची माती बघायला लागला. अंगदची बोटं काळीनिळी झाली होती आणि शिकंजा अजून बंद होता.

“रामेश्वरभाऊनं,” मी म्हणाले. “चौकात. सगळ्यांनी बघितलंय.”

शिकंजा उघडला. मी अंगदला भिंतीला टेकवलं आणि तेजूच्या जुन्या झबल्यानं त्याचा हात बांधायला घेतला. मागं पाना पुन्हा उचलल्याचा आवाज आला.

“काका, मला काय माहीत हो,” रामेश्वर म्हणत होता. “सगळेच बांधतेत. तुमच्यासाठीच बांधला ना.”

पहिला घाव कानावर बसला. रामेश्वर खाली पडला, तरी भगवानराव थांबले नाहीत. मारता मारता ते रडत होते, आणि रडता रडता जास्तच जोरानं मारत होते. मग त्याच दोन गड्यांनी रामेश्वरला उठवलं आणि त्याचा हात त्याच शिकंज्यात घातला. त्याच्या नाकातून रक्त ओठावर येत होतं. मिसरूड नुकतं फुटलेलं पोर.

“वहिनी,” तो मला म्हणाला, “सांगा ना यांना. वहिनी.”

मी अंगदच्या हाताला गाठ मारत होते. एक मारली, वर दुसरी मारली. अंगदनं डोळे मिटून घेतले होते. दांडी फिरायला लागली.

तेजूनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

“आई, तू बाबाला सोडवलंस ना,” ती म्हणाली. “मग त्याला कावून न्हाई सोडवत?”