दोन डॅक आणि एक बेल

सहा दिवसांत सुनीतीबाईंनी एकच ख्याल चाळीस वेळा ऐकला होता, आणि कृष्णकांत तो एकेचाळिसाव्यांदा लावायच्या तयारीत होते.

"नीट बस. डोळे मीट. आता आधी एक लावतो, मंग दुसरा. कोणता कोणता ते मी नाई सांगणार. तू फक्त सांग, कोणत्यात जास्त जान आहे."

"जान त माझीच चालली आता. भाजी टाकायची राहिली आहे."

"भाजी रोजच टाकतं. हे आज झालंच पाह्यजे. चार वाजता माणूस येते."

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्या घराच्या बैठकीत टीपॉयवर दोन पेट्या ठेवल्या होत्या. एक काळी, जुनी, वरणभाताने भरलेल्या कुकरएवढी जड आणि अर्धा तास चालली की तशीच गरम होणारी. दुसरी साबणदाणीएवढी, गेल्या मंगळवारी कुरिअरने आलेली. दोघींचं काम एकच. सीडीत किंवा मोबाइलमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं, ते आकडे घ्यायचे आणि त्यांचा आवाज करून अँप्लिफायरकडे पाठवायचा. या पेटीला डॅक म्हणतात, हे सुनीतीबाईंना नको असताना माहीत झालं होतं. जुनीत सोळा बिट आणि नवीत बत्तीस, हेही माहीत झालं होतं. नवीचा आवाज मुळातच थोडा मोठा निघतो, आणि मोठा आवाज माणसाला उगाच चांगला वाटतो, म्हणून मोबाइलवर मोजून दोन्ही आवाज सारखे करावे लागतात, हेसुद्धा. तहसील कचेरीत तीस वर्षं फाइली वर-खाली करणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर हे वेड लागावं आणि त्यात बायकोच्या डोक्याला ताप व्हावा, याचा त्यांना मनापासून वीट आला होता.

पण बोलायची सोय नव्हती, कारण सुरुवात त्यांनीच केली होती.

सहा महिन्यांपूर्वी इस्त्री करता करता त्या सहज बोलून गेल्या, "तुमच्या पेटीचा आवाज बसला हो. तानपुऱ्याची चमकच गेली." बस, एवढंच. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर कृष्णकांतांनी हसून सोडून दिलं असतं. ती पेटी त्यांनी एकोणतीस वर्षांपूर्वी नागपूरहून मांडीवर घेऊन आणली होती, बसमध्ये खाली ठेवली नव्हती. पण हे सुनीतीने म्हटलं होतं. मुलींच्या शाळेत सत्तावीस वर्षं गाणं शिकवलेली बाई. व्हरांड्याच्या त्या टोकाहून कोणत्या हार्मोनियमचा कोणता सूर उतरला ते सांगणारी. आजही गल्लीतल्या पाच मुली संध्याकाळी त्यांच्याकडे शिकायला येत होत्या. लग्नानंतर कृष्णकांतांनी कोणतं गाणं चांगलं हे कधी स्वतः ठरवलंच नाही. आधी बायकोच्या तोंडाकडे पाहायचं आणि मग मान डोलवायची. त्यामुळे सुनीती म्हणते म्हणजे पेटी म्हातारी झाली, हे त्यांनी धरून टाकलं आणि शेवटी नवी मागवली.

पेटीला काही झालं नव्हतं. हे सुनीतीबाईंना पेटीबद्दल बोलल्यानंतर दोनच आठवड्यांत कळलं. अंगणात उभ्या असताना शेजारची छाया म्हणाली, "काय किरकिर लावली व या रातकिड्यांनी, डोकं उठलं." सुनीतीबाईंनी कान दिला. अंगणात चिडीचूप होतं. त्यांनी मान हलवली, "हो ना बाई," म्हणाल्या आणि घरात येऊन देवघरासमोर उगाच बसून राहिल्या. मोबाइलचं टुणटुण ऐकू येईना. दाराची चिमणीच्या आवाजाची बेल ऐकू येईना. सिलिंडरवाला दोनदा परत गेला तेव्हा त्या म्हणाल्या, बेल खराब झाली. कृष्णकांतांनी स्टुलावर चढून बेल उघडली, सेल बदलले, वाजवून पाहिली. वाजली. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा म्हणाल्या, बेल नीट नाही. त्यांनी पुन्हा उघडली. घरातल्या वस्तू एकामागून एक बिघडत होत्या आणि बिचारा नवरा एकामागून एक दुरुस्त करत होता.

सांगायचं कसं? ज्या बाईचे कान हीच तिची ओळख, तिने कान गेले म्हणून सांगायचं? मुली कोणत्या तोंडाने यायच्या? आणि हा माणूस कोणाच्या तोंडाकडे पाहून मान डोलवायचा?

म्हणून गेले सहा दिवस त्यांनी फसवणूक केली होती. फार सोपी होती: डोळे किलकिले ठेवून समोर बसलेल्या नवऱ्याकडे पाहायचं. जुनी पेटी लागली की कृष्णकांतांचे डोळे आपोआप मिटत आणि उजव्या पायाचा अंगठा हलायला लागे. नवी लागली की कपाळावर आठ्या पडत, परीक्षेला बसल्यासारख्या. अंगठा हलला नाही की सुनीतीबाई म्हणत, "हा चांगला." जुनीला आधी नावं ठेवली होती, आता माघार कशी घेणार? दर वेळी नवीच निवडली गेली. कृष्णकांतांनी वहीत लिहिलं, 'सुनीती – वीसपैकी वीस, नवी,' आणि बराच वेळ वहीकडे पाहत बसले.

काल त्यांनी भूपेंद्रला फोन केला होता. भूपेंद्रचं वर्ध्यात रेडिओ-टीव्हीचं दुकान, तो त्या जुन्या पेटीवर दहा वर्षांपासून डोळा ठेवून होता. "काका, असल्या चिपा आता भेटत नाई," म्हणत पाच वाजता न्यायला येणार होता. नवी परत करायची मुदत आज संपत होती, म्हणून सावधगिरी म्हणून परत नेणारा माणूसही बोलावून ठेवला होता. दोघांपैकी एकाला पेटी द्यायची होती, एकाला नुसता चहा.

"पण आज मी तुझ्या मांगं बसणार," कृष्णकांत म्हणाले. "माझं तोंड पाह्यलं की तुले समजत असन, असं मले काल वाटलं."

सुनीतीबाईंनी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. "काहीतरीच तुमचं."

"काहीतरी नाई. नियम आहे तसा."

खुर्ची मागे ओढल्याचा आवाज आला. गाणं सुरू झालं. गायकाचा भरदार आवाज त्यांना चांगला ऐकू येत होता, तबल्याचा डग्गाही. पण वर, जिथे तानपुऱ्याच्या तारांचं ते झगमगतं जाळं असायला हवं, तिथे गोधडी टाकल्यासारखं झालं होतं. कळ फिरल्याचा खटका आला. दुसरी पेटी. तीच गोधडी. त्यांनी डोळे घट्ट मिटले. आता पहिला म्हटलं काय किंवा दुसरा म्हटलं काय, तो अंदाजच असणार होता, आणि त्या अंदाजावर नवऱ्याची पेटी घराबाहेर जाणार होती. जुनी चांगली म्हणावी, तर मग चमक कशी गेली म्हणून हा माणूस तिसरी मागवेल. त्यांना त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला.

"सांग ना. काऊन गप आहेस?"

"थांबा हो."

"अवं, बेल वाजून राह्यली."

"कधी?"

मागे खुर्ची सरकली. "तीनदा वाजली," कृष्णकांत म्हणाले. बेल सोफ्याच्या बाजूच्याच भिंतीला होती.

दार उघडलं. निकेश नावाचा कुरिअरवाला पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन उभा होता. "काका, केव्हाचा बेल दाबून राह्यलो. रिटर्न आहे ना?"

"दोन मिनिटं थांब. काकू आता सांगते."

"मले अजून सात ठिकाणी जायचं आहे. कारण काय टाकू? वस्तू खराब आहे का?"

कृष्णकांतांनी सुनीतीबाईंकडे पाहिलं. कृष्णकांतांचा एक हात जुन्या पेटीवर होता. ती पेटी त्यांनी सकाळीच जुन्या बनियनने पुसून ठेवली होती, तिच्या वायरला गुंडाळून रबर लावलं होतं, फक्त या शेवटच्या खेपेपुरतं सोडलं होतं. "बोल," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं. हा ठेवू, न जुना भूपेंद्रले देऊ?"

"वस्तू खराब नाई," सुनीतीबाई म्हणाल्या. आवाज चिरका निघाला, पण थांबल्या नाहीत. "नवी नाई न जुनीही नाई. ती बेलही खराब नव्हती. माझे कान गेले आहेत. सहा महिने झाले."

निकेशने मोबाइलवर अंगठा वर-खाली केला. "काकू, असं यात काही नाई," तो अवघडून म्हणाला. "'आवडली नाही' टाकतो." त्याने नवी पेटी डब्यात घातली, सही घेतली आणि चहा नको म्हणून गेला.

"दोनदा!" दार लागताच कृष्णकांत कडाडले. "दोनदा उघडली मी ते बेल! स्टुलावर चढून! गुडघा दुखत असताना! न तू खालून टॉर्च धरून उभी!"

"हो, होती उभी."

"काऊन नाई सांगितलं?"

"भ्या लागलं मले! मुली येणं बंद करतील. न तुम्ही विचारणं बंद कराल. मंग मी या घरात काय करू, नुसती भाजी?"

कृष्णकांतांनी फणफणत भूपेंद्रला फोन लावला, "येऊ नको, विकायची नाई," एवढंच म्हणून ठेवला. वहीतलं 'वीसपैकी वीस' असलेलं पान टराटरा फाडलं. मग वळून म्हणाले, "उद्या सेवाग्रामच्या दवाखान्यात कान दाखवू. आठ वाजता नंबर लावू. डबा घेजो, तिथं दिवस जाते." अजूनही रागातच होते.

"बरं."

त्यांनी जुनी पेटी चालू केली आणि समोर येऊन बसले. ख्याल सुरू झाला. त्यांचे डोळे मिटले, अंगठा हलला. सुनीतीबाई तो अंगठा पाहत राहिल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तानपुरा. वरच्या तारा कशा वाजून राह्यल्या?"

"मस्त."

"मस्त म्हणजे काय? इतकी वर्षं माझ्यासंगं ऐकून एवढंच?"

कृष्णकांत गोंधळले. असं त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. कपाळावर आठ्या आल्या. "म्हणजे… पितळी तांब्या चिंचेनं घासून उन्हात ठेवला त कसा…"

"तो दिसते. वाजत नाई."

"थांब ना! पुन्हा लावतो," ते करवादले, आणि रिमोट शोधायला लागले.

सुनीतीबाईंनी सोफ्याच्या फटीतून रिमोट काढून त्यांच्या हातात दिला.