घड्याळाकडे पाठ करून बसलेली बाई

बिभीषणरावांनी उभ्या जन्मात घरच्यांना तुळजापूरच्या पलीकडं फिरायला नेलं नव्हतं. तेही देवीला, म्हणजे फिरणं झालं आणि पुण्यही पदरात पडलं. त्यामुळं 'औंदा समद्यांनी मिळून हैदराबाद बघायची' असं त्यांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या थोरल्या लेकीला, आरोहीला, संशय यायला हवा होता. पण हवी ती गोष्ट समोर आली की माणूस फार खोलात शिरत नाही. बापाला उशिरा का होईना सुबुद्धी सुचली, एवढंच तिला वाटलं.

आरोही नळदुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गेल्या दसऱ्याच्या सुमारास कुणीतरी तिच्यासाठी स्थळ आणलं, तेव्हा तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं आणि अन्नाला शिवली नव्हती. शेवटी दादांनी, म्हणजे बापानं, देवघरासमोर उभं राहून सांगितलं, "आई भवानीची आन घिऊन सांगतो. तुजी डिग्री हातात पडेस्तवर ह्या घरात एकबी पाव्हना तुला बघायला येनार न्हाय." आमच्या जळकोट गावात शब्द देणारे पायलीला पन्नास मिळतील, पण देवीची आण घेऊन ती मोडणारा अजून कुणी पाहिला नव्हता. आरोही निर्धास्त झाली. पुढचं एम.एस्सी., सोलापूरचं होस्टेल, सगळं तिनं त्या एका वाक्यावर उभं केलं होतं.

टेम्पो ट्रॅव्हलर झुंजूमुंजू व्हायच्या आत दारात आली. पुढच्या सीटवर आजी मथुराबाई, मागं बलभीमकाका, काकू, त्यांची हर्षाली, आत्या, आत्याची सून, पोरंसोरं, मांडीवरची तान्ही, धपाट्यांचे डबे आणि दह्याची बरणी. गाडी सोळा जणांची, माणसं त्याहून बरीच, पण आमच्याकडं गाडीत जागा मोजून कुणी बसत नाही. चुलत बहीण हर्षाली आरोहीशेजारी बसली होती. नुकतीच बारावी झालेली, अठरा पुरी केलेली, ताडमाड उंच पोरगी. धक्के खात खात तिनं आरोहीची वेणी घातली, गजरा माळला आणि निघताना आईनं बळंच घालायला लावलेल्या उंच टाचांच्या सँडलचे पट्टे आवळून दिले.

"किल्ला चढायचाय म्हनं, आन् ह्या टाचा?" आरोही म्हणाली. "मी बूट घालत होते तर आईनं हातातनं काढून घेतले."

"फोटू चांगले येतेत अक्का," हर्षाली म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

आरोहीची उंची बेताची. ही गोष्ट घरात कुणी कधी काढत नसे, त्या दिवशीही काढली नाही.

चारमिनारपाशी दादांचा हात एवढा सैल सुटला की आजीसुद्धा चपापली. त्यांनी आरोहीला स्वतः उभं राहून लाखेच्या बांगड्या घेऊन दिल्या. दुकानदाराशी मोडक्या हिंदीत घासाघीस केली, "हमारी बच्ची कॉलेज में पढती है" असंही सांगितलं. दादांच्या तोंडून हे ऐकताना आरोहीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढ्या वर्षांत बाप आपल्याकडं कौतुकानं बघतोय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. मिनार, कबुतरं, अत्तराचा वास, सगळंच तिला त्या घडीला आपलं वाटू लागलं.

तिथून सगळं लटांबर म्युझियममध्ये गेलं. तिथल्या जुन्या घड्याळातून ठोक्याला एक छोटा बाहुला बाहेर येतो आणि घंटा बडवून परत जातो. बाराला सगळ्यांत जास्त ठोके, म्हणून चौकात ही गर्दी. कुणी बाकांवर, कुणी जमिनीवर, कुणी पोरांना खांद्यावर घेऊन, सगळ्यांची तोंडं घड्याळाकडं. काकूनं आरोहीला गर्दीच्या कडेला, उजेडात उभं केलं. "हितनं चांगलं दिसतंय," म्हणाली.

घंटा सुरू झाली. पोरं ओरडली. शेकडो मोबाइल वर झाले. आरोहीनं टाचा उंचावल्या आणि तेवढ्यात तिला दिसलं, की पुढच्या बाकावरची एक बाई घड्याळाकडं पाठ करून बसली आहे. जांभळी रेशमी साडी, गळ्यात ठसठशीत बोरमाळ. ती आरोहीकडं बघत होती. नुसतं बघत नव्हती, केसांपासून सँडलपर्यंत नजर खाली नेत होती आणि परत वर आणत होती. शेजारच्या टक्कल पडलेल्या माणसाच्या कानात ती काही बोलली, तसा तोही वळला. पलीकडच्या तरुण पोरानं चोरून बघितलं.

आरोहीनं गोंधळून आपल्या माणसांकडं पाहिलं. दादा, काका, आई, आजी. त्यांच्यातलाही एकजण घड्याळाकडं बघत नव्हता. सगळे त्या बाईच्या तोंडाकडं बघत होते, दहावीच्या निकालाला पोरं बघतात तसे. बाहुला आत गेला, त्याचं दार मिटलं.

"अरे, बिभीषणराव! तुमी हितं कुठं?" टक्कलवाले पुढं आले.

"अगं बया, पाव्हनं! काय योगायोग म्हनावा!" दादा म्हणाले. गावच्या गणपतीतल्या नाटकात दादांना कधी काम का मिळालं नाही, ते आरोहीला तेव्हा कळलं. माणसं मूळची उमरग्याकडची, हैदराबादेत टायरचं दुकान, मुलाचं नाव कृष्णराज. ही सगळी माहिती त्या योगायोगानं भेटलेल्या माणसांनी एका दमात सांगून टाकली. बाईनं आरोहीला नाव, शिक्षण विचारलं. मग "जरा तिकडचा पुतळा बघून या गं पोरीनो," असं म्हणून दोघी बहिणींना चालायला लावलं. आरोही चालली. टाचा फरशीवर टकटक वाजत होत्या आणि आपली चाल तपासली जातेय, हे तिला पाठीवर कळत होतं.

पाहुणे गेल्यावर तिनं दादांना पायऱ्यांशी गाठलं.

"देवीची आन घेतली होती तुमी."

"मग? मोडली का म्या?" दादा अगदी शांतपणे म्हणाले. "घरात कुनी पाव्हना येनार न्हाय म्हनलो होतो. आला का? हितं त्यांनी बघितलं, तुला कुनी पोहे न्यायला लावलं का? शब्द हाय तसा हाय माजा."

म्हणजे देवीला फसवायला यांनी आख्खं खानदान दुसऱ्या राज्याच्या राजधानीत आणलं होतं. तिनं आईकडं पाहिलं, आई पदराला गाठ मारत बसली. आजी म्हणाली, "घर चांगलं हाय गं बाई, रडायलीस कशाला?" आरोहीनं हर्षालीला दंडाला धरून बाजूला ओढलं. "तुला ठाऊक होतं?"

हर्षालीनं मान खाली घातली. "तुज्या दादांनी सांगितलं होतं, बोललीस तर तुजं नर्सिंगचं फारम भरनार न्हाय म्हनून. अक्का, समद्यांनाच ठाऊक होतं. बारक्या पोरांनाबी."

गोवळकोंड्याला आरोही गाडीतून उतरलीच नाही. बाकीचे वर चढले, टाळ्या वाजवून आवाज घुमतो का बघितलं, धपाटे खाल्ले, फोटो काढले. आरोही सीटवर बसून मनाशी ठरवत होती. होकार आला तर सगळ्या गावासमोर बोलायचं, गरज पडली तर कॉलेजातल्या बाईंना घरी आणायचं, पण मान तुकवायची नाही.

फोन आला तेव्हा दिवस कलला होता आणि गाडी जहिराबादच्या पुढं चहाला थांबायच्या बेतात होती. दादांनी आवाज मोठा करून ठेवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"पोरगी आमच्या मंडळींना लई आवडली," टक्कलवाले म्हणाले. "फकस्त एक हाय बिभीषणराव, राग मानू नगा. थोरलीची उंची जरा कमी पडतीय आमच्या कृष्णराजाला. ती दुसरी, निळ्या ड्रेसातली, तुमच्या भावाची का? ती पसंत हाय. तुमी हो म्हना, पुढच्या महिन्यात सुपारी फोडू."

निळा ड्रेस हर्षालीचा. बलभीमकाकांनी थोरल्या भावाकडं पाहिलं, दादांनी बायकोकडं, आणि मग काका हळूच हसले. "घर तर एकच हाय की," ते म्हणाले. आजीनं हात जोडले. दादांचा चेहरा आधी पडला होता, तोही सावरला, कारण स्थळ घराबाहेर गेलं नव्हतं. हर्षालीला कुणी कधी कसला शब्द दिला नव्हता, त्यामुळं मोडायचा प्रश्नच नव्हता. तिला कुणी विचारलंही नाही. काकूनं फक्त तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

गाडी ढाब्यावर थांबली. पेढे मिळतात का बघायला काका उतरले, त्यांच्यामागं सगळे उतरले. मागच्या सीटवर दोघी राहिल्या. हर्षालीनं आरोहीचं मनगट घट्ट धरलं.

"अक्का, तू बोल की दादांशी. आज ते तुज्याम्होरं वरमलेत, तुजं ऐकतील. म्हनावं, निदान नर्सिंग होऊ द्या. मला न्हाय जायचं गं त्या घरी."

खरं होतं ते. दादा बाहेर उभे राहून चोरट्यासारखे गाडीकडं बघत होते. आज पहिल्यांदाच त्यांना लेकीसमोर मान वर करता येत नव्हती, आणि आरोहीनं एक शब्द टाकला असता तर त्यांनी तो झेलला असता. हे आरोहीला स्वच्छ दिसत होतं. पण आपण सुटलो, हेही तिला तितकंच स्वच्छ दिसत होतं. आता तोंड उघडलं, तर पाहुण्यांना नकार जाणार, घराची नाचक्की होणार, आणि मग ती भरून काढायला सगळ्यांच्या नजरा पुन्हा आपल्यावर येणार.

"माजं डोकं लई दुखतंय गं," ती म्हणाली. "घरी गेल्यावर बघू."

घरी गेल्यावर काहीच बघायचं उरणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. हर्षालीनं हात सोडला. आरोहीनं सँडल काढून सीटखाली सारले, पाय वर घेतले आणि डोळे मिटले. दिवसभर ती या माणसांना मनातल्या मनात शिव्या घालत होती. आपण ह्याच घरातल्या आहोत, अगदी शोभतो, हे मात्र तिला आत्ता कळलं.