एक जुलैची यादी

"नाव नाही म्हणजे काय? परत बघ गं, नीट बघ. ब्लूस्टेम शुअरटी, सीडर रॅपिड्स, आयोवा."

व्हर्ना फोनची वायर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. पलीकडे वॉशिंग्टनच्या ट्रेझरी खात्यातली कुणीतरी मुलगी होती. मी टायपिंग सोडून बघत बसले. फोन ठेवला तेव्हा व्हर्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ओपल, आपली कंपनी यादीतून गेली."

आता हे काय, ते सांगायला हवं. सरकारी काम घेणाऱ्या ठेकेदाराला हमीपत्र जोडावं लागतं. त्याने टेंडर भरून माघार घेतली, तर नुकसान आम्ही भरून देऊ, असं सांगणारा कागद. पण असं सांगायला कुठलीही कंपनी चालत नाही. भांडवल पुरेसं हवं, हिशेब वेळच्या वेळी वॉशिंग्टनला जायला हवेत. चालणाऱ्या कंपन्यांची यादी दर एक जुलैला निघते, आणि त्या दिवशी एक जुलैच होती. यादीत नाव नाही, त्या कंपनीचं हमीपत्र म्हणजे रद्दी. आणि आमच्या हमीपत्रांवर सही असायची व्हर्ना प्रोकॉपची. ती कंपनीची मुखत्यार. मी इथे लागले तेव्हाही तीच सही करत होती.

आमची एक खोड होती. टेंडरच्या दिवशी सकाळी धावपळ नको, म्हणून हमीपत्र आदल्या संध्याकाळीच करून, यंत्रात दाबून कागदावर उठणारा शिक्का मारून द्यायचं. काल तसंच ड्वेन हाव्लिकला दिलं होतं. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात नवी बॉयलरची इमारत बांधायची होती. ड्वेन थंडीपासून रिकामा बसला होता, माणसं घरी पाठवून. हे काम हुकलं तर बापाने उभा केलेला धंदा मोडीत काढायचा, असं त्याने काल हसत हसत सांगितलं होतं. त्याचं हसणं मला जराही आवडलं नव्हतं.

स्ट्रॉडसाहेब, म्हणजे आमचे मालक, कॉफीचा मग घेऊन केबिनबाहेर आले.

"अगं, होतं असं कधीकधी. दोन-चार महिन्यांत नाव परत येईल. आणि कागदावर तारीख कालची आहे ना? काल आपण यादीत होतो."

"टेंडरची पाकिटं आज उघडणार," व्हर्ना म्हणाली. "आजची यादी बघतील. ड्वेनचं टेंडर बाजूला फेकतील."

"कोण बघत बसलंय यादी!"

"तुम्हाला कधी कळलं?"

साहेब चमच्याने कॉफी ढवळत राहिले. साखर ते घेत नाहीत. "गेल्या आठवड्यात पत्र आलं."

"आणि काल मला शिक्का मारू दिलात?"

"आधीच बोंब मारून काय मिळणार होतं? हे बघ व्हर्ना, बाहेर ब्र काढलास तर सगळे ठेकेदार पळतील. मग माझी कंपनी आणि तुझी नोकरी, दोन्ही चुलीत."

मी एक सणसणीत शिवी हासडली. साहेबांनी ती ऐकलीच नाही असं दाखवलं.

व्हर्नाने ड्वेनच्या घरी फोन लावला. बायको म्हणाली, तो पाकीट घेऊन केव्हाच निघाला, आधी बेकरीत जाणार होता. व्हर्नाने ड्वेनची फाइल काखेत मारली.

"ओपल, चल."

उंच टाचांच्या बुटांत ती बाई अशी सुटली, की मला मागून पळावं लागलं. बेकरीत ड्वेन कोलाचे, म्हणजे खसखस भरलेला गोड पाव, खात बसला होता. पाकीट बशीशेजारीच.

"या, या! शुभशकुनच झाला म्हणायचा," तो म्हणाला.

"ऊठ, ड्वेन. ते पाकीट फोड."

"डोकं फिरलं का तुझं?"

"माझ्या सहीला आज किंमत नाही," व्हर्ना म्हणाली. बेकरीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. तिला काय वाटलं असेल ते तीच जाणे. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

रस्त्यापलीकडे लायल टेगचं दुकान. तो दुसऱ्या कंपनीचा मुखत्यार, कंपनी यादीतली. त्याने एकदा चर्चच्या जेवणावळीत व्हर्नाचं गिऱ्हाईक फोडलं होतं. तेव्हापासून दोघांचा अबोला. त्या मेल्याच्या दारात पाय ठेवणार नाही, असं ती दर नाताळात सांगायची.

"काय व्हर्ना, वाट चुकलीस?" लायल म्हणाला.

"गिऱ्हाईक आणलंय. ही त्याची फाइल, सगळी. माणूस चोख आहे. तुझ्या कंपनीला फोन लाव, आत्ता."

लायल थट्टा करायचं विसरला. असली फाइल कुणी कुणाला देत नाही. ती दिली की गिऱ्हाईक गेलं, कायमचं.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. लायल फोनवर भांडतोय, ड्वेन येरझाऱ्या घालतोय, व्हर्ना घड्याळाकडे बघायचं नाही म्हणून माझ्याकडे बघतेय. शेवटी लायलने अंगठा वर केला. मी हमीपत्र टाइप केलं, त्याने सही केली. व्हर्नाने ड्वेनच्या पाकिटातलं कालचं हमीपत्र काढून पर्समध्ये टाकलं.

ड्वेनने कागद उचलला आणि सवयीने शिक्क्यासाठी व्हर्नापुढे धरला. मग त्याच्या लक्षात आलं.

लायलने शिक्क्याचं यंत्र तिच्याकडे सरकवलं. "पक्षाघाताचा झटका आल्यापासून या हातात जोर नाही गं. दाबतेस?"

व्हर्ना उभी राहिली. सगळा भार टाकून तिने दांडा दाबला. मग नेहमीसारखा कागदावरून अंगठा फिरवला.

"उठलाय," ती म्हणाली. "पळ आता."

ड्वेन पळाला. आम्ही परत आलो तेव्हा स्ट्रॉडसाहेबांचं दार बंद होतं. ते बराच वेळ उघडलं नाही. थोड्या वेळाने फोन वाजला. मीच घेतला. "पोचलं!" ड्वेन ओरडला. "घेतलं त्यांनी! सांग तिला!"

मी सांगितलं. व्हर्नाने मान हलवली. आपलं यंत्र तिने फडक्याने पुसलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. मग पर्समधून ड्वेनच्या पाकिटातलं कालचं हमीपत्र काढलं आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"हाही छानच उठलाय गं," ती म्हणाली.