फाटका शर्ट घालून या

वकील म्हणाले, "मास्तर, तारखेला फाटका शर्ट घालून या. कमाई निम्म्यावर आली म्हणता, मग ती दिसायला नको?"

मी रफूचं काम करतो. भोक कुठं होतं ते गिऱ्हाइकालाही सापडत नाही. देतील ते घेतो. पण आता कपडा फाटला की लोक फेकून देतात. दरमहा आठ हजार पोटगी झेपेना, म्हणून चार करा असा अर्ज टाकला होता. कमी नाही झाली तर दुकान सोडायचं. त्याचंही काही वाटत नव्हतं. वर्षभर मला कशाचंच काही वाटत नाही.

पुकारा साडेअकराचा होता, झाला अडीचला. व्हरांड्यातल्या बाकावर हात रिकामे, आणि सुई तर खिशात असतेच. मधे ती बोटात गेली, रक्त दिसलं तेव्हा कळलं. वकील आले तेव्हा शर्ट नवाकोरा.

"हे काय केलंत?"

"हात चालले."

"पुन्हा फाडा!"

माझं रफू फाटत नाही. वकिलांनी दात लावून पाहिले, तेही हरले.

हे बघून शेजारच्या आजींनी शाल पुढे केली. मग कुणाची पिशवी, कुणाचा सदरा. शिपायाची तर पँट, तीही अंगावरच.

आत जज मॅडमपुढे समोरच्या बाजूचे वकील म्हणाले, "मॅडम, यांचा धंदा बसलाय म्हणे. मी स्वतः मोजली, तीन तासांत नऊ गिऱ्हाइकं! त्यात आपले शिपाईसुद्धा."

शिपायानं हळूच पाठ भिंतीला लावली.

"किती मिळाले?" मॅडमनी मला विचारलं.

"काही नाही."

सगळे हसले. तेव्हा ती उठली. माझी बायको होती ती.

"खरं बोलतायत, मॅडम. हे पैसे मागतच नाहीत. बारा वर्षं 'राहू द्या, राहू द्या' ऐकलं. नुसती जीभ उचलायची, तेवढंही होत नाही. म्हणून तर गेले मी."

तिचे वकील तिची ओढणी ओढत होते. माझे वकील टाळ्या वाजवायच्या बेतात.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे काम आहे, कसब आहे. मागायचं तेवढं राहतंय. त्याला कायद्यात सूट नाही. आठ हजारच. अर्ज नामंजूर."

बाहेर आलो. दुकान गेलं, एवढं समजलं. मागून तिचेच वकील आले, कोट हातात घेऊन.

"मास्तर, अस्तर सुटलंय. जरा बघता?"

मी सुई काढली. 'राहू द्या' ओठांपर्यंत आलंच होतं.

"दोनशे," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "आधी."

"अहो ताई, मी तुमचाच वकील!"

"म्हणून दोनशे. परक्याला तीनशे."

त्यांनी दिले. तिनं ते पर्समध्ये टाकले.

"या महिन्याचे सात हजार आठशे राहिले," माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि मधे एका माणसाची जागा सोडून बाकावर टेकली.

"हं, पुढे कोण?"